पहिला लिनक्स ड्रायव्हर: एका नोव्हेंबरपासून दुसऱ्या नोव्हेंबरपर्यंत

मी पुण्यात एका लहान कंपनीत काम करते. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तापमान आणि आर्द्रता नोंदवणाऱ्या पेट्या आम्ही बनवतो. द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवावी लागतात. एखाद-दुसरा अंश इकडे-तिकडे झाला तरी मालावर परिणाम दिसतो, त्यामुळे आकडा चुकून चालत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये निफाडजवळच्या एका पॅकहाउसमधून तक्रार आली की पेटी मधूनच काहीच दाखवत नाही. लॉग काढला, तर दर काही तासांनी एक ओळ सापडायची, त्रुटी क्रमांक १२१. कारण शोधायला चार दिवस गेले. आमचा सेन्सर पायथॉनमधून थेट वाचला जात होता आणि वाचणारे प्रोग्राम दोन होते. एक नोंद ठेवायचा, दुसरा पडद्यावर दाखवायचा. पहिल्याने ‘मोजायला लाग’ म्हणून सांगायचं, सेन्सर मोजत असतानाच दुसऱ्याने वाचायला जायचं, आणि सेन्सर उत्तरच द्यायचा नाही. दोघांच्या मध्ये उभं राहून ‘आधी तू, मग तू’ म्हणणारं कुणीतरी हवं होतं. हे काम कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, ड्रायव्हरचं. ड्रायव्हर म्हणजे एखादं उपकरण चालवणारा प्रोग्रामचा तुकडा. त्या सेन्सरचा ड्रायव्हर लिनक्समध्ये नव्हता. आमचे सर म्हणाले, “तूच लिही. घाई नाही, पण पुढच्या हंगामाआधी हवा.”

मला सी येत होती, पण कर्नलला कधी हात लावला नव्हता. तेव्हा मराठीत यावर मला काहीच वाचायला मिळालं नाही, म्हणून सगळं तारीखवार लिहिते आहे.

जानेवारी २०२४ सामानात गेला. रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक साधारण ५,५०० रुपयांना, मेमरी कार्ड ४५०, यूएसबी-सीरियल केबल २५० आणि ८ चॅनलचा, तारांवरचे सिग्नल टिपणारा स्वस्तातला लॉजिक अ‍ॅनालायझर ८००. सगळे मिळून ७,००० रुपये. सेन्सर कंपनीचेच होते. यातली सीरियल केबल टाळू नका. कर्नल कोसळला की पडदा गोठतो, नेटवर्क जातं, पण मरता मरता त्याने काय लिहिलं ते सीरियलवर दिसतं. कर्नलची आवृत्ती मी ६.६ घेतली, कारण ती दीर्घकाळ सांभाळली जाणारी होती. लॅपटॉपवर पहिल्यांदा कंपाइल व्हायला ४० मिनिटं लागली. नंतर फक्त आपलं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा आपला तुकडा, बांधायचं असतं, ते काही सेकंदांत होतं.

फेब्रुवारीत मी खऱ्या सेन्सरला हातही लावला नाही, आणि तो निर्णय बरोबर ठरला. क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरनेच संगणक उभा करणाऱ्या प्रोग्राममध्ये, ‘एज्यु’ नावाचं एक खोटं पीसीआय कार्ड (संगणकाच्या खाचेत बसतं तसं) आहे. चेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठात लिनक्स कर्नल शिकवण्यासाठी ते तयार झालं. पैसे लागत नाहीत आणि काही जळतही नाही. त्याच्या पत्ता ४ वरच्या रजिस्टरमध्ये (छोट्या साठवण-कप्प्यात) एखादी संख्या लिहिली की तिचे सगळे बिट उलटे होऊन परत मिळतात. पत्ता ८ वर संख्या लिहिली की कार्ड तिचं फॅक्टोरियल काढून देतं. हेक्स (सोळाच्या पायावरच्या मोजणीतल्या) ६० वर लिहिलं की इंटरप्ट, म्हणजे ‘इकडे लक्ष दे’ असा संकेत, येतो, आणि हेक्स ६४ वर ‘मिळाला’ अशी पोच द्यावी लागते.

पोच द्यायची मी विसरले. हँडलरमधून, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधून, ‘काम झालं’ असं परत पाठवलं, पण कार्डाची इंटरप्टची रेघ वरच राहिली. कर्नल हँडलरमधून बाहेर पडला की लगेच पुन्हा आत, पुन्हा बाहेर, पुन्हा आत. व्हर्च्युअल मशीन जागच्या जागी थिजली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मला खरोखर भीती वाटली, कारण हेच पॅकहाउसमध्ये झालं असतं तर? दुसऱ्या दिवशी एक ओळ वाढवली आणि सगळं सुरळीत झालं. इंटरप्ट म्हणजे काय हे त्या रात्री मला जेवढं कळलं तेवढं वाचून कळलं नव्हतं.

पीसीआयवर आधी काम केल्याने बस, म्हणजे उपकरणं संगणकाला जोडणारा मार्ग, या गोष्टीचा स्वभावही कळला. पीसीआय कार्ड स्वतःची ओळख सांगतं. ‘एज्यु’चा उत्पादक क्रमांक १२३४ आणि उपकरण क्रमांक ११ई८. ड्रायव्हर म्हणतो, मला हे क्रमांक चालतात. कर्नल दोघांची गाठ घालून देतो आणि ड्रायव्हरचं ‘प्रोब’ फंक्शन बोलावतो. आमचा सेन्सर मात्र आयटूसी बसवर होता. फिलिप्स कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काढलेली ही दोन तारांची बस: एका तारेवर घड्याळ, दुसरीवर माहिती. त्यावरचं उपकरण आपलं नाव-गाव सांगत नाही. कुणी पत्ता पुकारला तर ‘हजर’ म्हणतं, बस. त्यामुळे कुठल्या पत्त्यावर कोण बसलंय हे कर्नलला बाहेरून, डिव्हाइस ट्री नावाच्या वर्णनात लिहून द्यावं लागतं. हा फरक आधी समजला असता तर माझे मार्चमधले दोन आठवडे वाचले असते.

कारण मार्चमध्ये मी पत्त्यावरच अडले. डेटाशीटमध्ये, म्हणजे सेन्सरच्या तांत्रिक माहितीपत्रकात, लिहिलं होतं, पत्ता हेक्स ८८. आयटूसीडिटेक्ट ही आज्ञा चालवली. ती पडद्यावर एक तक्ता काढते, प्रत्येक पत्त्याला एक घर. रिकाम्या घरात दोन आडव्या रेघा, कुणी असलं तर त्याचा आकडा. तक्त्यात ८० ची ओळच नव्हती, ती ७७ ला संपते. आणि ४४ च्या घरात आकडा दिसत होता. मला वाटलं, हे दुसरंच काहीतरी आहे. सेन्सर बदलला, तारा बदलल्या, पुन्हा सोल्डर केलं. शेवटी लॉजिक अ‍ॅनालायझर लावला आणि तारेवरचे बिट एक-एक करून कागदावर उतरवले: एक, शून्य, शून्य, शून्य, एक, शून्य, शून्य, आणि आठवा शून्य. पहिले सात बिट म्हणजे हेक्स ४४. आठवा बिट ‘लिहायचंय की वाचायचंय’ हे सांगतो. आठही एकत्र वाचले की ८८ होतात. डेटाशीट लिहिणाऱ्याने आठ बिटांचा पत्ता दिला होता, लिनक्स सात बिटांचा मागतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. डेटाशीटमध्ये ‘लिहिण्याचा पत्ता’ आणि ‘वाचण्याचा पत्ता’ असे दोन वेगळे आकडे दिसले, की त्यांना दोनने भागायचं हे तेव्हापासून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

एप्रिलमध्ये ड्रायव्हरचं पहिलं रूप उभं राहिलं. इंटरनेटवरचे धडे मला पुन्हा पुन्हा अडवत होते. त्यातले बरेच जुने आहेत. आयटूसी ड्रायव्हरचं, तो काढताना चालणारं ‘रिमूव्ह’ फंक्शन पूर्वी आकडा परत द्यायचं, ६.१ पासून ते काहीच परत देत नाही. ‘प्रोब’ पूर्वी दोन गोष्टी घ्यायचं, आता एकच घेतं. धड्यातला कोड उतरवला की कंपाइलर नाराज. उपाय सोपा आहे: धडे वाचा समजण्यासाठी, पण कोडचा नमुना घ्या तो आपल्याच आवृत्तीच्या कर्नलमधल्या, नुकत्याच आलेल्या एखाद्या छोट्या ड्रायव्हरचा. मी असे पाच ड्रायव्हर छापून घेतले आणि बसमध्ये येता-जाता पेन्सिलने खुणा करत वाचले.

आणखी एक अडचण मला आवडली होती, म्हणून थोडं थांबून सांगते. सेन्सर सहा बाइट देतो: तापमानाचे दोन, त्यांची तपासणी बाइट (आकडे वाटेत बिघडले नाहीत ना ते पाहायला), आर्द्रतेचे दोन, त्यांची तपासणी बाइट. तापमान काढायचं सूत्र असं: कच्चा आकडा गुणिले १७५, भागिले ६५,५३५, उणे ४५. पायथॉनमध्ये ही एक ओळ. पण कर्नलमध्ये दशांश अपूर्णांकांचं गणित करत नाहीत, कारण त्यासाठी लागणारी प्रोसेसरची रजिस्टरं त्या क्षणी चालू असलेल्या प्रोग्रामच्या मालकीची असतात, त्यात हात घालणं महागात पडतं. मग करायचं काय? सेन्सर ज्या विभागात येतात त्या आयआयओ उपप्रणालीची यावर एक सुंदर पद्धत आहे. ड्रायव्हर कच्चा आकडाच एका फाइलीत द्यायचा, सोबत ‘ऑफसेट’ आणि ‘स्केल’ हे दोन आकडे वेगळ्या फाइलींत ठेवायचे. वाचणारा कच्च्यात ऑफसेट मिळवतो आणि स्केलने गुणतो. आमच्या सेन्सरसाठी ऑफसेट उणे १६,८५२ आला. म्हणजे कच्चा आकडा १६,८५२ दिसला की बरोबर शून्य अंश. कर्नलने हिशेब केलाच नाही, फक्त हिशेबाची रीत सांगितली.

२ मे रोजी आयटूसीडिटेक्ट चालवलं, तर ४४ च्या घरात ४४ ऐवजी यूयू दिसलं. या पत्त्यावर आता ड्रायव्हर बसला आहे, असा त्याचा अर्थ. मी उठून खिडकीपाशी गेले आणि थोडा वेळ नुसती उभी राहिले.

यानंतर कागदपत्रं. ड्रायव्हर मुख्य लिनक्समध्ये द्यायचा असं ठरलं, कारण नाहीतर प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तो आम्हालाच दुरुस्त करत बसावं लागलं असतं. प्रत्येक पॅचखाली (पॅच म्हणजे कोडमधला पाठवायचा बदल) ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ आपल्या नावाने लिहावी लागते. ही पद्धत २००४ पासून आहे. हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, असं आपण त्या ओळीने जाहीर करतो. पण नोकरीत लिहिलेल्या कोडची मालकी कंपनीचीच, त्यामुळे आधी लेखी परवानगी हवी. मी एक पानाचं पत्र केलं: कोणता कोड, जीपीएल आवृत्ती २ या खुल्या परवान्याखाली, कोणाच्या नावाने. आमच्या कायदेशीर सल्लागारांनी विचारलं, सेन्सरची डेटाशीट गोपनीयतेच्या कराराखाली मिळाली आहे का? उत्पादकाला मेल केला, उत्तराला १२ दिवस लागले, उत्तर आलं की डेटाशीट सार्वजनिक आहे. मग सही. एकूण पाच आठवडे. हे काम कोड लिहायला घेतल्याच दिवशी सुरू करा, शेवटी ठेवू नका.

मेलचंही तसंच. पॅच साध्या मजकुराच्या मेलमधून जातात, कुठलीही सजावट किंवा जोडपत्र चालत नाही. कंपनीच्या मेलखाली आपोआप ‘हा मजकूर गोपनीय आहे’ अशी तळटीप लागते, ती तर मुळीच चालत नाही. मी माझा जीमेल वापरला. त्यासाठी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो, तो पॅच पाठवणाऱ्या ‘गिट सेंड-ईमेल’ या आज्ञेला द्यायचा. आधी स्वतःलाच तीन वेळा पाठवून पाहिलं.

पहिली आवृत्ती १७ जुलैला पाठवली. आषाढी एकादशी होती, ऑफिसला सुट्टी. घरात दूरदर्शनवर पंढरपूर चालू होतं आणि मी बटण दाबायच्या आधी चेकपॅच ही तपासणारी स्क्रिप्ट शेवटची एकदा चालवत होते. पॅच तीन: पहिल्यात सेन्सर बनवणाऱ्या कंपनीचं नाव उत्पादकांच्या यादीत, दुसऱ्यात डिव्हाइस ट्रीमध्ये काय लिहायचं त्याचं याम्ल भाषेतलं वर्णन, तिसऱ्यात ड्रायव्हर. कोणाकोणाला पाठवायचं ते ‘गेट-मेंटेनर’ स्क्रिप्ट सांगते.

तीन तासांत पहिलं उत्तर आलं, एका यंत्राचं. याम्लमध्ये दोन जागी इंडेंटेशन चुकलं होतं. ही तपासणी घरी एका आज्ञेने करता येते, मी केली नव्हती. त्यानंतर १३ दिवस शांतता. मी दिवसातून पाच वेळा मेल बघत होते, जेवताना सुद्धा. नंतर कळलं की ६.१० ही आवृत्ती १४ जुलैला आली होती आणि त्यानंतरचे दोन आठवडे लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स पुढच्या आवृत्तीसाठी सगळ्यांचं काम एकत्र करतात. त्या दिवसांत मेंटेनरांना, म्हणजे कर्नलचा एकेक भाग सांभाळणाऱ्यांना, मान वर करायला फुरसत नसते. किमान एक आठवडा थांबल्याशिवाय आठवण करायची नाही, हा लिखित संकेत आहे. त्या दोन आठवड्यांत मी तर जास्तच थांबेन.

३० जुलैला माणसांची उत्तरं आली. एकूण २३ सूचना. मोजून घाम फुटला. पण कागदावर उतरवल्यावर त्यातल्या १४ नुसत्या मांडणीच्या निघाल्या. उरलेल्यांनी मला खूप शिकवलं. मोजमाप व्हायला १५ मिलिसेकंद लागतात म्हणून मी ‘एमडिले’ वापरलं होतं. ते प्रोसेसरला तेवढा वेळ जागच्या जागी फिरवत ठेवतं. झोपवायचं फंक्शन वापर म्हणजे तेवढ्यात दुसऱ्याचं काम होईल, असं एकाने लिहिलं. तपासणी बाइटसाठी मी ४० ओळी लिहिल्या होत्या, कर्नलमध्ये ‘सीआरसी८’ नावाचं त्याचं तयार ग्रंथालय निघालं. उत्तर देताना प्रत्येक सूचनेच्या खाली, तिथेच लिहायचं. पटलं तर ‘करते’, नाही पटलं तर कारण. एका जागी मी माझं म्हणणं कारणासह मांडलं आणि ते मान्य झालं, तेव्हा जिवात जीव आला.

दुसरी आवृत्ती ६ ऑगस्टला गेली. त्यावर एक प्रश्न आला, आणि माझ्या मते सगळा ड्रायव्हर त्या एका प्रश्नात होता: ‘रिमूव्ह’ झाल्यावर कुणी फाइल वाचली तर काय होईल?

मी सेन्सरचा वीजपुरवठा ‘रिमूव्ह’मध्ये हाताने बंद करत होते. फाइली मात्र ‘डेव्हएम’ पद्धतीने नोंदवलेल्या होत्या, म्हणजे त्या कर्नल आपणहून काढतो, पण ‘रिमूव्ह’ संपल्यानंतर. मधल्या सूक्ष्म क्षणात सेन्सरची वीज गेलेली आणि फाइल अजून उघडी. मला वाटलं, एवढ्याशा फटीत कोण सापडणार? तरी करून पाहिलं. फट मोठी करायला ‘रिमूव्ह’च्या शेवटी एक सेकंदाची झोप घातली. एका टर्मिनलवर फाइल सतत वाचणारी ओळ चालू ठेवली, दुसऱ्यावर ड्रायव्हरच्या ‘अनबाइंड’ फाइलमध्ये १-००४४ लिहिलं, म्हणजे ड्रायव्हर सेन्सरपासून सुटा केला. पहिल्या टर्मिनलवर आकडे धावत होते, आणि मग ओळीमागून ओळ: १२१, १२१, १२१. पॅकहाउसमधून आलेला तोच क्रमांक. ज्या चुकीमुळे मी या कामाला लागले तिचंच भावंड मी स्वतः लिहून ठेवलं होतं. वीजपुरवठाही ‘डेव्हएम’कडे सोपवला, ‘रिमूव्ह’ फंक्शन पूर्ण पुसलं. ड्रायव्हर ११ ओळींनी लहान झाला. सगळं नीट चालताना काय करायचं हे सेन्सरची डेटाशीट सांगते. बिघडताना, सुटताना, अर्ध्यावर थांबताना काय करायचं हे मात्र आपणच विचार करून लिहायचं असतं, आणि समीक्षक तेच वाचत असतात.

तिसरी आवृत्ती २८ ऑगस्टला पाठवली, त्यात माझ्याकडून एक गोष्ट राहिली. दुसऱ्या पॅचला एकाने ‘रिव्ह्यूड-बाय’ (मी वाचून तपासलं) दिलं होतं, ती ओळ मी पुढच्या आवृत्तीत उतरवली नाही. त्या माणसाला तेच पुन्हा वाचावं लागलं आणि त्याने तसं स्पष्ट लिहिलं. मी माफी मागितली. नंतर ‘बी४’ हे साधन वापरायला लागले, ते अशा ओळी आपोआप गोळा करतं. प्रत्येक नव्या आवृत्तीत काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहायचं, हेही पाळा. वाचणाऱ्याचा वेळ वाचतो आणि तो पुढच्या वेळी आपलं आधी उघडतो.

सप्टेंबरात गणपती आणि कर्नलचे ते काम एकत्र करण्याचे दोन आठवडे एकाच सुमारास आले. मी मुद्दाम काहीच पाठवलं नाही. चौथी आवृत्ती ४ ऑक्टोबरला पाठवली, ६.११ वर तपासून. दुसऱ्या दिवशी एका स्वयंचलित तपासणीचा मेल: कोड कंपाइलच होत नाही. माझ्याकडे होत होता. तासभर शोधल्यावर कळलं की बाइट जुळवण्यासाठी मी वापरलेली ‘अनअलाइन्ड’ नावाची हेडर फाइल दोनच दिवसांपूर्वी, ६.१२ च्या तयारीत, एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली गेली होती. एका शब्दाचा बदल. शेवटच्या आवृत्तीवर नव्हे, मेंटेनरच्या चालू शाखेवर, म्हणजे त्याच्याकडच्या कोडच्या ताज्या प्रतीवर, तपासून पाठवायचं, हे त्या दिवशी पक्कं झालं. पाचवी आवृत्ती १२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी गेली.

२६ ऑक्टोबरला, शनिवारी संध्याकाळी, मी आईबरोबर चकल्यांची भाजणी दळून आणत होते. गिरणीत फोन वाजला. मेल दोन ओळींचा होता: शाखेत घेतला आहे, सध्या तपासणीसाठी ठेवला आहे. मी आईला सांगितलं, “आई, घेतला गं त्यांनी.” तिने पिठाचा हात तसाच माझ्या गालावर ठेवला.

नोव्हेंबर सरता सरता तो लिनसच्या मुख्य शाखेत पोचला आणि जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ६.१३ बरोबर बाहेर पडला. कोड १९० ओळींच्या आसपास. मेंटेनरांच्या यादीत त्या फाइलपुढे आता माझं नाव आणि मेल आहे, म्हणजे पुढे कुणाला अडचण आली की उत्तर देणं माझ्याकडे आलं. नवा ड्रायव्हर देताना ही जबाबदारी घ्यावी लागते, ती घेण्याची तयारी असेल तरच द्या. आमच्या पेट्यांमध्ये अजून ६.६ आहे, म्हणून तोच ड्रायव्हर मागे आणून बसवला. त्याला दीड दिवस लागला.

फेब्रुवारीत निफाडजवळच्या त्याच पॅकहाउसमध्ये गेले. कोल्ड रूमच्या दाराबाहेर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले, आतून क्रेटचा आणि गार ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. तिथले काका म्हणाले, “ताई, हंगाम सुरू झाल्यापासून एकदा पण बंद नाही पडली.” मी आयटूसीडिटेक्ट चालवलं. ४४ च्या घरात यूयू. मग तापमानाची कच्ची फाइल उघडली: १७,०३९. त्यातून १६,८५२ मनातल्या मनात वजा केले, १८७ उरले. अर्धा अंश.